नातीच्या बशीतला चहा

आमच्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात दिवसातून दोनदा चहा होतो, सकाळी दहाला आणि दुपारी साडेतीनला. हजेरी आणि भांडार माझ्याकडे असल्यामुळे कोण किती वाजता आलं आणि कोण चहाला किती वेळ बसलं हे मला न विचारता कळतं. इथे गेल्या एकतीस वर्षांत बरीच माणसं आली आणि गेली. त्यांतल्या एका बाईंबद्दल लिहायचं आहे. त्यांना सगळे मावशी म्हणत. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते मी फक्त लिहीत आलो, कधी उच्चारलं नाही.

मावशींचं काम लड्या बांधण्याचं. सूत आमच्याकडे लड्यांनी येतं. रंगाच्या टाकीत सोडण्याआधी प्रत्येक लडी तीन ठिकाणी दोऱ्याने बांधावी लागते. घट्ट बांधली तर गाठीखाली रंग पोचत नाही आणि पांढरा पट्टा राहतो. सैल बांधली तर टाकीत गुंता होऊन लडी कात्रीला जाते. या दोन्हींच्या मधलं काय ते शिकवून येत नाही, बोटांत असावं लागतं. मावशींच्या बोटांत ते होतं. आमचे रंगमास्तर कोणाचं कौतुक करायचं म्हणजे दात उपटून दिल्यासारखं करत, पण तेही म्हणायचे, "मावशींची लडी न बघता टाकीत सोडावी."

उंचीने त्या माझ्या खांद्यालाही लागत नसत. लहानपणाविषयी विचारलं तर म्हणत, "आम्ही पाच भावंडं चहावर वाढलो. सकाळी चहा, दुपारी चहा, रात्री आईला आठवलं तर जेवण." आणि हसत. नवरा लवकर गेला होता. तीन मुलं झाली, त्यांतली एक लेक जगली. बाकी दोघांविषयी त्या बोलत नसत, आणि आम्हीही विचारलं नाही.

ही लेक लांबच्या शहरात म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या देखभालीचं काम करी. राहण्याची सोय कामाच्या जागीच होती, पण तिथे मूल ठेवायची परवानगी नव्हती. नवऱ्याने वर्षाच्या आतच पाठ फिरवली होती. म्हणून चौदा महिन्यांची मुलगी घेऊन ती आईकडे आली आणि दोन दिवस राहून मुलीला ठेवून गेली. जाताना कारखान्यात येऊन तिने आमच्या कचेरीतल्या फोनचा नंबर लिहून घेतला. त्या वेळी सगळ्यांकडे मोबाईल नव्हते. मावशी माझ्या टेबलापाशी उभ्या होत्या, नात कडेवर.

लेक म्हणाली, "आई, पुन्हा एकदा सांगते. काहीही कर, पण हिला चहा द्यायचा नाही. थेंबसुद्धा नाही."

"अगं हो. दहा वेळा सांगितलंस."

"अकराव्यांदा सांगते. शाळेत जाईपर्यंत ती तुझ्याकडे राहील. पण चहा पाजलास असं कळलं ना, तर त्याच दिवशी घेऊन जाईन. मग कुठेही ठेवीन, तुझ्याकडे नाही."

"चहात काय विष असतं का गं?"

"आई."

"बरं बाई, नाही देत. शपथ."

मावशींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी समोर बसलो होतो.

नातीला आम्ही बटण म्हणायचो. कोणीही उचलून घेतलं की ती सदऱ्याचं वरचं बटण पकडायची आणि तुटेपर्यंत सोडायची नाही. माझी दोन गेली. कारखान्यात मूल आणायला मालकांची ना नव्हती, टाक्यांपासून लांब ठेवलं म्हणजे झालं. लड्या बांधायच्या खोलीत सुताच्या गासड्यांमध्ये मावशींनी तिला जागा करून दिली. ती तिथेच बसायची आणि तिथेच झोपायची.

पहिले आठ-दहा दिवस शपथ पाळली गेली असावी. मूल सारखं रडत होतं. आईचा वास गेलेला, जागा नवी. मावशींचे दोन्ही हात लडीत, उठता येईना. एक दिवस साडेतीनला त्यांनी आपल्या बशीत चहा ओतला, फुंकला आणि तिच्या ओठांना लावला. मूल गप्प झालं. इतकं गप्प झालं की खोलीतल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं.

एक जण म्हणाली, "बघा, हेच हवं होतं तिला. आजीची नात शोभते."

दुसरी म्हणाली, "देऊ नका हो मावशी. चहानं पोर काळं होतं म्हणतात."

रंगमास्तर दारात कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, "चहानं काळं होत असतं तर मी टाक्या कशाला पेटवल्या असत्या? सगळं सूत किटलीत उकळलं असतं."

सगळे हसले. मीही हसलो.

त्यानंतर ते रोजचं झालं. सकाळी घरून निघताना एक बशी, दहाला एक, साडेतीनला एक आणि घरी गेल्यावर एक. दुधाची तहान ताकावर भागवतात, इथे ती चहावर भागू लागली. चहा पोटात गेला की मुलीला भूक लागेना. पोळीचा तुकडा हातात दिला तर तो ती गासडीत कोंबून ठेवी. आम्हाला त्याची गंमत वाटायची. ती चालायला लागली तेव्हा किटली आली की सगळ्यांच्या आधी बशी घेऊन रांगेत उभी राहायची. रंगमास्तर म्हणायचे, "मावशी, ही नात आहे की किटलीचं झाकण? किटली दिसली की येऊन बसते." कधी मावशी कामात असल्या तर कोणीतरी आपल्या कपातला चहा तिच्या बशीत ओतायचं. मीही ओतला आहे. किती वेळा, ते मोजलेलं नाही.

शनिवारी दुपारी दोनला लेकीचा फोन यायचा. मी मावशींना हाक मारायचो. त्या हात पुसत यायच्या.

"जेवते ना?"

"जेवते की. मघाशीच जेवली."

"चहा नाही ना देत?"

"नाही गं. तू पण ना! नातवंड म्हणजे दुधावरची साय, तिला मी चहा पाजीन होय?"

फोन ठेवताना त्या माझ्याकडे बघत नसत. मी कागदात डोकं घालत असे. दुसऱ्याच्या घरात आपण बोलू नये, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो.

दीड वर्ष असं गेलं. बटण अडीच वर्षांची झाली, पण दिसायची दीडाची. आता ती कोणाची बटणं ओढत नव्हती. कचेरीला तीन पायऱ्या आहेत. त्या चढून आली की दम लागून उंबऱ्यावर बसायची. दिवसभर झोपायची. एकदा पाहिलं तर ती भिंतीचे पोपडे नखाने काढून खात होती. पांढऱ्या चुन्याने तोंड माखलेलं, आणि जीभही जवळजवळ त्याच रंगाची.

मी मावशींना म्हणालो, "हिला डॉक्टरांना दाखवा."

"लहान चणीची आहे हो, भाऊ. माझ्यावर गेली."

"दाखवा तरी."

त्यांनी दाखवलं. रक्त तपासलं. कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या, कारण त्यांना अक्षरओळख बेताचीच होती. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा निदान अकरा हवा, तो साडेपाच होता.

"म्हणजे अर्धं," मावशी म्हणाल्या.

"अर्धं," मी म्हणालो.

दवाखान्यात बाहेर पन्नास माणसं रांगेत होती. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी लोहाचं पातळ औषध लिहून दिलं, दोन वेळा, तीन महिने. जाता जाता विचारलं, "आजी, चहा नाही ना देत हिला?" मावशींनी लेकीला जे उत्तर द्यायची सवय लागली होती तेच दिलं. "नाही हो." देते म्हणाल्या असत्या तर डॉक्टरांनी पुढचं सगळं समजावलं असतं. नाही म्हटल्यावर समजावण्यासारखं काही राहिलं नाही आणि पुढचा रुग्ण आत आला.

त्या औषधाला गंजलेल्या खिळ्यासारखी चव होती. पाण्यातून दिलं तर बटण ओकून टाकायची. मधातून दिलं तरी तेच. मावशींचा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग काढला. मूल ज्याला कधी नाही म्हणत नाही, त्यातूनच औषध द्यायचं. सकाळच्या आणि संध्याकाळच्या बशीत त्या चमचाभर औषध घालू लागल्या. थेंब न सांडता, एकही वेळ न चुकवता, तीन महिने.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा पाचावर आला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "औषध रोज देता?"

"देवाशपथ रोज. एक दिवस चुकले नाही."

हे खरं होतं, आणि ते खरं आहे हे डॉक्टरांना त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. म्हणून त्यांना वेगळीच शंका आली. औषध पोटात जातंय, तरी रक्त वाढत नाही, म्हणजे शरीर रक्त बनवतच नसेल. त्यांनी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढून तपासणार होते. तोवर औषध तीन वेळा करा, असंही सांगितलं. मावशींनी कचेरीतून लेकीला फोन लावला. लेकीने आकडा दोनदा विचारला. मग लेक म्हणाली, "मी बुधवारी पोचते. तपासणी गुरुवारी ठेवा." मावशींनी फोन खाली ठेवला तेव्हा तो जागेवर बसला नाही, मी नीट ठेवला.

आता औषधाची तिसरी वेळ दुपारची, म्हणजे ती कारखान्यात आली. मंगळवारी साडेतीनला मावशींनी पिशवीतून बाटली काढली, चमचा भरला आणि नातीच्या बशीत ओतला. रंगमास्तर शेजारच्या गासडीवर बसून चहा पीत होते. त्यांची नजर बशीवर गेली आणि तिथेच राहिली. दुधाचा चहा बघता बघता राखेच्या रंगाचा झाला होता.

"हे काय घातलंत?"

"औषध. लोहाचं."

"रोज असंच देता? चहातून?"

"मग काय करू? नुसतं घेत नाही ती."

रंगमास्तरांनी बशी बटणच्या ओठांपासून ओढून घेतली. मूल किंचाळलं. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. किटलीतला शेवटचा, दूध कमी असलेला काळपट चहा त्यांनी एका पेल्यात काढला, मावशींच्या हातातून बाटली घेतली आणि त्यात दोन चमचे ओतले. पेल्यात दौत सांडल्यासारखं झालं. मग मावशींच्याच मांडीवरची पांढरी लडी उचलून तिचं टोक त्यात बुडवलं, पिळलं आणि नळाखाली धरलं. पाणी स्वच्छ वाहत होतं आणि टोक काळंच राहिलं होतं.

ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी हेच करतोय. झाडाच्या सालीचा काढा करायचा, त्यात लोखंडाचं पाणी सोडायचं, काळा रंग पक्का होतो. साल लोखंडाला धरते आणि सोडत नाही. चहा म्हणजे तरी काय गं? तोही सालीसारखाच तुरट. तू पोरीला औषध नाही पाजलंस, रंग पाजलास. लोखंड सगळं चहानं धरून ठेवलं, तिच्या रक्तात जाणार काय?"

रंगमास्तर मावशींना कधी अगं-तूगं करत नसत. त्या दिवशी केलं, आणि दोघांनाही ते लक्षात आलं नाही.

मावशी लडीकडे बघत राहिल्या. "जेवताना नुसता चहा दिला, तरी असंच होतं का?"

"लोखंड औषधातलं काय आणि घासातलं काय, चहाला कुठे कळतं?"

बटण बशीसाठी जमिनीवर लोळत होती. मावशींनी तिला उचललं नाही. त्या आम्हा दोघांकडे बघून म्हणाल्या, "लेकीला सांगू नका."

रंगमास्तर म्हणाले, "मी सांगत नाही. पण गुरुवारी पोरीच्या हाडात सुई जाणार आहे."

"आजपासून चहा बंद करते ना. औषध पाण्यातून देते, नाक दाबून देते. वाढेल रक्त. मग कशाला सांगायचं?"

"वाढायला महिने लागतील, मावशी," मी म्हणालो. "सुई परवा आहे."

"तिनं सांगितलंय घेऊन जाईन म्हणून. ती बोलते तसं करते, भाऊ. तुम्हाला माहीत नाही ती."

किटली रिकामी झाली होती. सगळे कामाला उठले.

बुधवारी लेक आली. गुरुवारी सकाळी मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही चला बरोबर. तिथले कागद मला कळायचे नाहीत." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बटण आईच्या मांडीवर होती. दोन दिवस चहा न मिळाल्याने ती चिडचिड करत होती, कपाळ सारखं आईच्या खांद्यावर घासत होती. आईला वाटत होतं हे आजाराचंच आहे. ती तिच्या कपाळाला हात लावून पुन्हा पुन्हा ताप बघत होती.

मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर वयस्क गृहस्थ होते. त्यांनी सुई कशी घालतात, मुलाला कसं धरून ठेवावं लागतं, सगळं शांतपणे सांगितलं आणि संमतीचा कागद लेकीपुढे सरकवला. लेकीने पेन घेतलं.

"सुई नको," मावशी म्हणाल्या.

"आजी, तुम्हाला भीती वाटते ते कळतं मला. पण—"

"भीती नाही. मी खोटं बोललेय."

लेकीने मान वर केली.

"औषध मी चहातून दिलं. तीनही महिने. पाण्यातून ओकायची म्हणून." मावशी डॉक्टरांकडेच बघून बोलत होत्या, शेजारी बघायचं टाळत होत्या. "आणि त्याआधीही चहा देतच होते. आली तेव्हापासून. चार चार वेळा."

डॉक्टरांनी कागद परत आपल्याकडे ओढला. "आधीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं तुम्हाला. इथे लिहिलंय. चहा, नाही."

"मीच नाही म्हणाले."

डॉक्टरांनी ते खोडून दुरुस्त केलं. मग त्यांनी लेकीला सांगितलं की सुई आत्ता घालायची नाही. मुलीला दाखल करून हळूहळू रक्त देऊ, औषध योग्य तऱ्हेने सुरू करू आणि सहा आठवड्यांनी पाहू. आकडा वाढला तर दुसरा काही आजार नाही, असं धरायला हरकत नाही. "इतक्या लहान मुलाला चहाची काहीच गरज नसते," ते म्हणाले. "पोट भरल्यासारखं वाटतं, आणि जे पोटात जातं त्यातलं लोहही अंगी लागत नाही." हे ते लेकीला सांगत होते, जिला ते ठाऊक होतं.

बाहेरच्या बाकावर तिघं बसलो. मी उठून लांब जाणार होतो, पण लेक म्हणाली, "बसा काका. तुम्ही रोज होतात तिथे."

मी बसलो.

"धाकट्याला मी पाजायचे," ती आईला म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. "आठवतं का? तू कामावर जाताना पेला भरून ठेवायचीस. म्हणायचीस, रडला की बशीत ओतून दे, झोपेल. मी आठ वर्षांची. मी द्यायचे, तो झोपायचा. मला वाटायचं मी किती शहाणी."

"त्याला ताप आला होता गं."

"आला होता. पण अंगात काही असतं तर तापातून उठला असता की नाही? मला माहीत नाही तो कशानं गेला. तुलाही माहीत नाही. पण त्याच्या तोंडाला शेवटची बशी मी लावली होती, तू नाही. म्हणून तुला सांगितलं होतं, एवढं एक करू नकोस."

"तू कधी बोलली नाहीस हे."

"शपथ घेतलीस ना? हिच्या डोक्यावर हात ठेवून. मला वाटलं, बोलायची गरज नाही."

मावशींनी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. लेकीने तो झटकला नाही. नुसती उठून आत मुलीकडे गेली.

आठ दिवस बटण रुग्णालयात होती. मावशी रोज काम सुटल्यावर जायच्या. लेक त्यांना मुलीजवळ बसू द्यायची, पण काही भरवू द्यायची नाही. पाणीसुद्धा नाही. नवव्या दिवशी लेक तिला घेऊन निघाली. तिच्या कामाच्या जागेजवळ मुलं सांभाळणारी एक बाई होती, तिच्याकडे ठेवणार होती. मावशींनी राहू दे म्हटलं नाही. सकाळी साडेनऊची गाडी होती. रंगमास्तर आणि मी पोचवायला गेलो.

गाडी सुटायच्या आधी बटण रडायला लागली. खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून मावशींकडे झेपावत होती. "आजी, आजी" करत होती. मावशींचा इतक्या दिवसांचा धीर सुटला. त्या खिडकीशी धावल्या, तिचे हात धरले आणि म्हणाल्या, "बघ गं, माझ्यावाचून राहील का ही?"

लेक आतून म्हणाली, "ऐक नीट, काय म्हणतेय ते."

मूल म्हणत होतं, "आजी, चा. आजी, चा दे."

मावशींनी हात सोडले.

"दोन-चार दिवस रडेल, मग राहील," त्या म्हणाल्या. पण गाडी तोवर हलली होती आणि हे त्या कोणाला सांगत होत्या ते कळलं नाही.

पुढे शनिवारचे फोन बंद झाले. सहा आठवड्यांनी एकदा आला. मी मावशींना हाक मारू लागलो तर लेक म्हणाली, "नको काका. तुम्हीच निरोप द्या. आकडा साडेनऊ झालाय." आणखी दोन महिन्यांनी आला. त्या दिवशी मावशी योगायोगाने कचेरीतच होत्या, टेबलाच्या पलीकडे उभ्या.

"अकराच्या वर गेलंय," लेक म्हणाली. "जेवते. पळते. सांगा तिला."

"इथेच आहेत मावशी. देऊ का?"

"नको. तुम्ही हे सांगितलंत की झालं. आता पुन्हा फोन करायचं काही कारण नाही."

मी निरोप दिला. मावशींनी विचारलं, "अकरा म्हणजे पूर्ण ना, भाऊ?"

"पूर्ण."

"सुईची गरज नाही पडणार?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि लड्या बांधायला गेल्या. त्यानंतर त्या नऊ वर्षं आमच्याकडे होत्या. बटण पाचवीत गेली, असं मधे कोणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं होतं. कोणाकडून ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी स्वतः चहा सोडला नाही. साडेतीनला कप घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत. पण कारखान्यात कोणी बाई मूल घेऊन कामाला आली की पहिल्याच दिवशी तिच्यापाशी जाऊन सगळं सांगत, काही न लपवता. मी पाजला, मी खोटी शपथ घेतली, मी डॉक्टरला फसवलं. ऐकणाऱ्या बाईला अवघड व्हायचं. कोणी मान डोलवायचं, कोणी विषय बदलायचं. गेल्या वर्षी एक तरणी पोर आली, कडेवर वर्षाची मुलगी. तिने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मावशी, नातीचं काय झालं पुढं?"

"बरी आहे. चांगली आहे."

"चालते, बोलते?"

"शाळेत जाते."

"मग झालं तर!" ती हसून म्हणाली. "उगीच घाबरवता. आम्ही पण चहावरच वाढलो, बघा, आहोत की नाही धडधाकट?"

मावशींच्या गोष्टीत मूल वाचलं होतं, त्यामुळे ती कोणाला पटण्यासारखी राहिली नव्हती. त्याच दुपारी त्या पोरीने मुलीच्या तोंडाला बशी लावली आणि मावशींनी हाताने उडवली. चहा पोरीच्या हातावर सांडला, बशी फुटली, आरडाओरडा झाला. रंगमास्तर तोवर निवृत्त झाले होते, मध्ये पडायला कोणी नव्हतं. मालकांनी लेखी ताकीद द्यायला सांगितली. मी ती लिहिली आणि मावशींना वाचून दाखवली.

त्या म्हणाल्या, "खाली लिहा, पुन्हा दिसलं तर पुन्हा पाडीन."

"असं लिहिता येत नाही, मावशी."

"मग जे लिहिता येतं ते लिहा."

बारा दिवसांनी त्यांनी पुन्हा बशी पाडली, तेच मूल, तीच पोर. या वेळी मालकांनी ताकीद लिहायला सांगितलं नाही. हजेरीपटावर मी त्यांच्या नावापुढे रेघ ओढली. जाताना त्यांनी बांधायला घेतलेली लडी पुरी बांधून दिली, तिन्ही गाठी, आणि पिशवी उचलून गेल्या.

त्यानंतर त्या मुलीला कारखान्यात कोणी चहा पाजताना मी पाहिलेलं नाही. तिची आई साडेतीनला तिला घेऊन बाहेर अंगणात जाते. घरी काय देते ते मला माहीत नाही.